गाता येत नाही, मग तिथं जाऊन मी करू काय?

मागच्या अंकात डिप्रेशनवरच्या पत्रांना उत्तरं देताना मी एका ओळीत लिहिलं होतं की गोळ्या आणि काउन्सेलिंगच्या जोडीला म्युझिक थेरपीचा, म्हणजे संगीतोपचाराचाही विचार करता येतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या महिन्यात बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवलेत. मी समुपदेशक आहे, संगीतोपचाराचं ट्रेनिंग घेतलंय, आणि सांगली-मिरजेत काम करताना जे रोज समोर येतं त्यावरून लिहितेय. पत्रं थोडी कापलीत, ओळख पटेल असं सगळं काढलंय. उत्तरात कुणाचा अनुभव आला असेल तर त्यातले तपशील बदललेले आहेत.

प्रश्न: ताई, मी ४३ वर्षांची, सांगलीत गावभागात राहते. २०१९ च्या पुरात घरात माळ्यापर्यंत पाणी होतं, २०२१ ला परत आलं. सामान परत घेतलं, रंग दिला, सगळं झालं, पण जुलै लागला की माझं बिनसतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं ते दर तासाला बघत बसते, झोप नाही, मुलांवर ओरडते आणि मग रडते. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जरा बरं आहे, आता ते म्हणतात म्युझिक थेरपी करून बघा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, शाळेत समूहगानाला बाईंनी सांगितलेलं, "तू नुसते ओठ हलव." मुलीनं मोबाईलवर झोपेचं ॲप घालून दिलं तर त्यात पावसाचा आवाज, मी उठूनच बसले, छाती धडधडायला लागली. मग हे संगीत माझं काय करणार? आणि तिथं नेमकं करतात काय, गायला लावतात का?

ताई, आधी त्या पावसाच्या आवाजाचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे. ज्यानं ते ॲप बनवलं त्याच्या लेखी पाऊस म्हणजे खिडकीबाहेरची रिमझिम आणि अंगावर पांघरूण. तुमच्या लेखी पाऊस म्हणजे कोयना धरणातून पाणी किती सोडलं, आयर्विनला किती झालं, आणि फ्रिज आत्ताच वर चढवायचा का. त्याच आवाजानं एकाला झोप लागते आणि दुसरा अंथरुणातून ताडकन उठतो. तुमच्या डोक्यात बिघाड झालाय असं अजिबात समजू नका, तुमच्या शरीरानं दोनदा घरात पाणी बघितलंय आणि ते अजून राखण करत बसलंय. म्हणून तर रेडीमेड ट्रॅक लावून झोपणं वेगळं आणि थेरपी वेगळी. थेरपीत समोरच्या माणसाला आधी हे शोधावं लागतं की तुमच्या कानाला काय सोसतं आणि काय नाही. चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत विचारेल, कुठला आवाज नको वाटतो? तेव्हा पाऊस सांगा, पाण्याचा खळखळाट सांगा, भोंगा सांगा, जे असेल ते.

पहिल्या भेटीत वाजवणं-बिजवणं थोडंच होतं, बोलणं जास्त. घरी कोण काय गुणगुणायचं, आजी ओव्या म्हणायची का, कुठलं गाणं लागलं की बंद करावंसं वाटतं, असं विचारतात. त्याबरोबर साधे वैद्यकीय प्रश्नही असतात, गोळ्या कुठल्या चालू आहेत, फिट येते का, ऐकायला नीट येतं का, जीव नकोसा वाटण्याचे विचार येतात का. या शेवटच्या प्रश्नाला घाबरू नका आणि लपवूही नका. मग दोघांनी मिळून ठरवायचं की इथं यायचं कशासाठी. "बरं वाटावं" हे फार मोघम झालं. "जुलैत रात्री पाच तास झोप लागावी आणि पाण्याची लेव्हल दिवसातून दोनदाच बघावी," हे असं ठरवलं तर दोन महिन्यांनी फरक पडला का नाही ते कळतं तरी.

माझ्या खोलीत काय आहे सांगते म्हणजे अंदाज येईल. एक पेटी, एक डग्गा, दोन खंजिऱ्या, टाळ, चिपळ्या, एक हलगी, लाकडी पट्ट्यांचा छोटा झायलोफोन आणि मिरजेत बनवलेला तानपुरा. यातलं काही शिकायचं नसतं, परीक्षा नसते, चुकलं असं कुणी म्हणत नाही. कुणी येतं आणि तासभर काही वाजवत नाही, नुसतं तानपुऱ्याच्या भोपळ्यावर तळहात टेकवून बसतं, मी तारा छेडत राहते आणि त्यांना हाताला ती थरथर कळते. तेही चालतं. ज्यांना वाजवावंसं वाटतं ते हाताला येईल ते घेतात आणि मनाला येईल तसं वाजवतात, थेरपिस्ट त्यांच्या सोबत वाजवतो. याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात, न ठरवता आयत्या वेळी वाजवणं.

आता यात मानसोपचार कुठं आला? एक उदाहरण देते. एक गृहस्थ यायचे, पन्नाशीचे, बोलायला अजिबात तयार नसलेले. तीन आठवडे ते खंजिरी मांडीवर ठेवून एका नखानं टक, टक, टक करायचे, बास. मी पेटीवर नुसता सा धरून ठेवायची. मी दुसऱ्या पट्टीवर बोट सरकवलं रे सरकवलं की त्यांची टकटक थांबायची, आणि सा वर परत आले की पुन्हा सुरू. दोन-तीनदा झाल्यावर मी विचारलं, मी सूर बदलला की तुम्ही थांबता, तेव्हा काय होतं? बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुम्ही हललात की मला वाटतं आता काहीतरी होणार." मग त्यावर बोलणं निघालं, घरी फोन वाजला की काय वाटतं, लहानपणी वडील रात्री घरी यायचे तेव्हा काय वाटायचं. वर्षानुवर्षं जे त्यांना शब्दात पकडता येत नव्हतं ते त्या टकटकीत दोघांना एकदम ऐकू आलं. पुढं पुढं मी सूर बदलायच्या आधी त्यांच्याकडं बघायची, ते मान हलवायचे, मग मी बदलायची. एक दिवस त्यांनीच लय बदलली, मला न विचारता, आणि मी त्यांच्या मागं गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल दोन माणसं टाईमपास करतायत, पण सतत सावध राहणाऱ्या माणसासाठी ती फार मोठी गोष्ट होती, मला आजही ते सेशन आठवतं.

प्रत्येकाला असंच वाजवायला लावतात असं नाही. काही जण आपलं आवडतं किंवा नावडतं गाणं घेऊन येतात, ते दोघं ऐकतात आणि त्यावर बोलतात. काही जण शब्द जुळवतात, चार ओळी, त्याला साधी चाल लावायची, ज्या माणसाला जे सांगायचं राहून गेलं ते त्यात सांगायचं. डोळे मिटून संगीत ऐकत मनात येणारी चित्रं थेरपिस्टला सांगत जायची अशीही एक पद्धत आहे, हेलन बॉनी या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात ती बसवली. पण तिला खास ट्रेनिंग लागतं, आणि तुमच्यासारख्या धसका बसलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत डोळे मिटून खोल नेणं योग्य नाही. कुणी नेऊ लागलं तर सरळ नको म्हणा. आधी पाय जमिनीवर घट्ट, श्वास ठीक, थांबायची खूण ठरलेली, नंतर पुराच्या आठवणीकडं हळूहळू.

सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं, आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी. पहिल्या तीन-चार भेटीत काही विशेष घडत नाही असं वाटू शकतं. कधी रडू येईल, कधी हसू येईल, कधी घरी जाऊन गाढ झोप लागेल, कधी उलट दोन दिवस मन जड राहील आणि वाटेल उगाच उकरून काढलं. हे पुढच्या भेटीत सांगायचं, मनात ठेवून यायचं बंद करायचं नाही, भल्या-भल्यांचं तिथंच सुटतं. मात्र प्रत्येक सेशननंतर त्रास वाढतच चालला, झोप उडाली, घरात वावरणं कठीण झालं, तर "चांगलं होण्याआधी वाईट होतंच" असलं काही ऐकून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

सुरू करायचं तर पावसाळ्याच्या आधीच करा. पाणी वाढायला लागल्यावर शांत बसून काही करायला मन थाऱ्यावर नसतं.

आणि त्या बाईंचं. ताई, "नुसते ओठ हलव" हे वाक्य माझ्याकडं येणाऱ्यांपैकी किती जणांनी सांगितलंय, शब्द वेगळे असतील पण गोष्ट तीच. आठ-नऊ वर्षांच्या पोराला एकदा असं सांगितलं की ते चाळीस वर्षं आरतीलाही पुटपुटतं. तुम्हाला कुणी गायला लावणार नाही. पण काही महिन्यांनी भांडी घासताना तुम्ही काहीतरी गुणगुणताय असं मुलीनं सांगितलं तर मला जरूर कळवा.

प्रश्न: मी मिरजेचा, वय ७१, निवृत्त शिक्षक. बीपी, मधुमेह आणि झोपेचा त्रास आहे. यूट्यूबवर कोणत्या रोगावर कोणता राग याच्या याद्या फिरतात, प्रत्येक यादीत वेगळंच. मला खात्रीची यादी छापून द्याल का?

काका, यादी देत नाही, कारण तशी खात्रीची यादी नाहीच. अमुक राग अमुक रोग बरा करतो हे कुणी नीट तपासून सिद्ध केलेलं नाही, आणि तुम्हीच बघताय की प्रत्येक यादी वेगळी, खरं असतं तर एवढा घोळ झाला असता का. तुम्ही तर मिरजेचे. जिथं अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ अजूनही रात्र-रात्र गाणं होतं, जिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या गावची खासियत असल्याची सरकारी मोहोर मिळाली, त्या गावच्या माणसाला मी काय सांगणार. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला की तीच तार खुलते नाहीतर मुकी होते हे तुम्ही दुकानात उभं राहून बघितलं असेल. एकच राग एक गवई गातो तेव्हा डोळ्यात पाणी येतं, दुसरा गातो तेव्हा आपण घड्याळ बघतो. आणि लग्नात बायकोनं गायलेला राग तिच्या पश्चात नवऱ्याला ऐकवत नाही. मग सगळ्यांना एकच यादी कशी चालेल?

मला या याद्यांची भीती का वाटते ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात मी श्रोत्यांत बसले होते. स्टेजवरून सांगितलं गेलं की हा राग चाळीस दिवस ऐका आणि शुगरच्या गोळ्या बंद करा. माझ्या शेजारच्या काकूंनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मी त्यांना बाहेर गाठून समजावलं, त्यांनी मान हलवली, पण वही पिशवीत ठेवली. पुढं काय झालं मला माहीत नाही आणि त्याची मला आजही रुखरुख आहे. काका, बीपीची आणि शुगरची गोळी चुकवायची नाही, गाणं ऐका वा न ऐका.

झोपेसाठी म्हणाल तर गाणं जरूर ऐका, त्याला थेरपिस्ट लागत नाही. संथ लयीचं, मिनिटाला साठ ते ऐंशीच्या आसपास ठोके, मध्येच आवाज चढत नाही असं, शक्यतो शब्द नसलेलं, कारण शब्द असले की मास्तर माणूस अर्थाच्या मागं लागतो. रोज तेच, त्याच वेळी, आवाज बारीक. ऑपरेशनच्या आधी रुग्णाला संगीत ऐकवलं तर घालमेल कमी होते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, तर ऐकण्याचा उपयोग आहेच. फक्त त्याला मानसोपचार म्हणायचं नाही. मानसोपचारात समोर एक शिकलेला माणूस असतो आणि संगीतातून तुमच्या-त्याच्यात एक नातं तयार होतं, काम ते नातं करतं.

एक जुनी युक्ती मात्र देते. इरा आल्टशुलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९४० च्या दशकात मांडलं की माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिला जुळणारं संगीत आधी लावा, मग हळूहळू हवं तिकडं न्या. चिडलेल्या माणसाला एकदम शांत बासरी लावली की तो आणखी चिडतो. अस्वस्थ असाल त्या रात्री आधी जरा चालती लय, मग मध्यम, मग संथ, असा वीस-पंचवीस मिनिटांचा उतार करून बघा.

प्रश्न: मी विट्याचा, वय ३२. बायकोला दीड वर्षापासून डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत. तिला गोळ्यांनी वजन वाढलं म्हणून त्या बंद करून फक्त म्युझिक थेरपी करायचीय. मी इंजिनिअर माणूस, मला पुरावा लागतो. खरंच काही पुरावा आहे का?

दादा, पुरावा आहे आणि त्याला मर्यादाही आहेत, दोन्ही सांगते. फिनलंडमध्ये डिप्रेशनच्या ७९ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०११ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत छापून आला. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालू होते, त्यातल्या ३३ जणांना वर म्युझिक थेरपी दिली, आठवड्यातून दोनदा, एक-एक तासाची २० सेशन. हे नुसतं ऐकणं नव्हतं, थेरपिस्टबरोबर ड्रम आणि इतर वाद्यं आयत्या वेळी वाजवायची आणि त्यावर बोलायचं. तीन महिन्यांनी म्युझिक थेरपीवाल्यांचं डिप्रेशन आणि चिंता दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली होती. पण सहा महिन्यांनी परत मोजलं तेव्हा दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नव्हता. २०१७ मध्ये कॉक्रेननं, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेनं, असे ९ अभ्यास, ४२१ माणसं एकत्र करून बघितली, त्यांचाही निष्कर्ष साधारण हाच, की नेहमीच्या उपचारात म्युझिक थेरपीची भर घातली तर थोड्या काळात फायदा दिसतो.

इंजिनिअर आहात तर "भर" हा शब्द नीट वाचा. गोळ्या बंद करून त्यांच्या जागी म्युझिक थेरपी चालते असं यातून अजिबात निघत नाही. वजन वाढलं हे वहिनींचं दुखणं मात्र खरं आहे, त्याला "एवढं काय त्यात" म्हणू नका. तेच घेऊन डॉक्टरांकडं जा, गोळी बदलता येते, डोस बदलता येतो, पण ते डॉक्टरांनीच करायचं, कारण या गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटूही शकतो. जवळपास खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. आणि कधी रात्री-बेरात्री त्यांच्या तोंडून जगण्याला कंटाळल्याचं काही आलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, फोन लावा आणि त्यांना एकटं सोडू नका.

अजून एक. त्यांना गाण्याकडं जावंसं वाटतंय ही चांगली गोष्ट आहे, दीड वर्ष डिप्रेशनमध्ये असलेल्या माणसाला काहीतरी हवंसं वाटतंय. गोळ्यांच्या वादात ते मरू देऊ नका.

प्रश्न: तासगावहून लिहितोय. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. एके ठिकाणी सांगितलं की म्युझिक थेरपीनं वर्षात नॉर्मल होईल. द्राक्षाचं पीक हातचं गेलंय तरी कर्ज काढून करायची तयारी आहे. करू का?

कर्ज काढू नका दादा. "नॉर्मल होईल" म्हणणाऱ्याकडं तर अजिबात जाऊ नका. नऊ देशांतल्या ३६४ मुलांवर, चार ते सात वयाच्या म्हणजे तुमच्या मुलाएवढ्याच, मोठा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिने म्युझिक थेरपी देऊनही ऑटिझमची मूळ लक्षणं इतर मुलांच्या तुलनेत कमी झाली नाहीत. नंतरच्या काही अभ्यासांत एकूण वागण्यात थोडी सुधारणा दिसलीय, पण ऑटिझम जातो असं कुणीही प्रामाणिक माणूस सांगणार नाही.

मग उपयोगच नाही का? आहे, पण वेगळा. जे मूल नजर देत नाही ते कधीकधी डग्ग्यावर थाप देतं आणि समोरच्यानं तीच थाप परत दिली की थांबतं, बघतं, पुन्हा देतं. तू दे, मी देतो, हा खेळ सुरू होतो. बोलण्याच्या आधीचं संभाषण आहे ते. हे तुम्ही घरीसुद्धा करू शकता, जेवणाच्या ताटावर, दाराच्या फळीवर. त्यानं टकटक केली की तुम्ही तशीच करा आणि थांबा, वाट बघा, घाई करू नका. आवाजाचा त्रास होत असेल तर कान झाकेल, तेव्हा लगेच बंद. पैसे आधी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीला ठेवा.

प्रश्न: मी कराडचा, संगीत विशारद, पंधरा वर्षं क्लास घेतो. आमच्याकडं येऊन लोकांना बरं वाटतं, टेन्शन जातं. मग मी बोर्डावर म्युझिक थेरपी लिहिलं तर काय हरकत?

सर, तुमच्या क्लासमुळं लोकांना बरं वाटतं यात शंका नाही, आणि ती फार मोलाची गोष्ट आहे. आपल्याकडं क्लास, भजनी मंडळ, वारीतला फड यांनी किती माणसं सावरून धरलीत त्याची गणती नाही. पण बोर्डावर तो शब्द लिहू नका ही विनंती. समजा तुमच्या विद्यार्थिनीला गाताना एकदम हुंदका फुटला आणि तिनं घरातल्या मारहाणीचं सांगितलं, तर पुढच्या पाच मिनिटात काय करायचं, काय विचारायचं, काय अजिबात विचारायचं नाही, कुणाकडं पाठवायचं, हे विशारदच्या अभ्यासात नसतं. ते वेगळं शिकावं लागतं.

अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४४ मध्ये म्युझिक थेरपीचा पहिला डिग्री कोर्स सुरू झाला, दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलांत गायक-वादक जायचे, त्यांचा उपयोग दिसायचा पण नुसतं वाजवता येणं पुरत नाही हेही दिसायचं, त्यातूनच शिक्षणाची गरज पुढं आली. १९५० मध्ये तिथं राष्ट्रीय संघटना झाली. इंग्लंडमध्ये तर आज रजिस्ट्रेशनशिवाय म्युझिक थेरपिस्ट ही पदवी नावापुढं लावताच येत नाही. आपल्याकडं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते, तशी व्यवस्था म्युझिक थेरपिस्टसाठी अजून रुळलेली नाही, म्हणून तर पाटी लावणाऱ्याच्या सद्सद्विवेकावर सगळं आहे. माझ्या ट्रेनिंगमध्ये मला आधी स्वतः रुग्णाच्या खुर्चीत बसावं लागलं होतं. सहाव्या सेशनला मी पेटीवर आईची भूपाळी वाजवायला गेले आणि दुसऱ्या ओळीला हात उचललेच जाईनात. तो दिवस गेला नसता तर मी आज समोरच्याच्या गप्प बसण्याला घाबरले असते.

तुम्हाला मनापासून यायचं असेल तर या, तुमच्यासारख्या सूर पक्का असलेल्या माणसांची गरज आहे. आधी मानसशास्त्र किंवा समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घ्या, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करा. आणि वाचकांनीसुद्धा कुणाकडंही जाताना न लाजता विचारा: शिक्षण कुठं झालं, रुग्णांबरोबर कुणाच्या हाताखाली काम केलं, आमचे डॉक्टर कोण हे विचारणार का, किती सेशननंतर आढावा घेणार, फी किती. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

प्रश्न: सांगलीत विश्रामबागेत राहते, कॉलेजला आहे. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. थेरपिस्ट आमच्या नात्यातल्यांच्या ओळखीचे निघाले तर? आईला सांगतील का?

सांगायला नको, आणि तो फक्त चांगुलपणाचा भाग नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ प्रमाणं तुझ्या उपचाराची माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे. अपवाद असतात, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर बोलावं लागतं, आणि तू अठराच्या आतली असशील तर आई-वडिलांना उपचारात घ्यावं लागतं. हे सगळं पहिल्या भेटीतच स्पष्ट विचारून घे. काही थेरपिस्ट वाजवलेलं रेकॉर्ड करतात म्हणजे पुढं परत ऐकता येतं, त्याला तुझी लेखी परवानगी लागते, आणि तू नाही म्हणालीस तरी उपचार तसेच चालले पाहिजेत. ओळखीचं कुणी निघालं तर त्यांनाच सांग की मला अवघड वाटतंय, ते दुसरं नाव सुचवतील. रस्त्यात, गणपतीच्या देवळात समोरासमोर आलात तर काय करायचं हेही ठरवून घ्यायचं असतं, मी तर आधी ओळख दाखवतच नाही, समोरची मुलगी हसली तरच हसते.

प्रश्न: पाटण तालुक्यातून लिहितेय. जवळ कुणी थेरपिस्ट नाही, सांगली-पुण्याला दर आठवड्याला येणं शक्य नाही. व्हिडिओ कॉलवर होतं का?

होतं, थोडं वेगळं होतं. कॉलवर आवाज पोचायला किंचित उशीर लागतो त्यामुळं दोघांनी एकदम वाजवायला गेलं की लय तुटते आणि वैताग येतो. म्हणून आळीपाळीनं करायचं, तुम्ही वाजवा, मग मी. गाणं ऐकून त्यावर बोलणं, शब्द जुळवून चाल लावणं हे कॉलवर छान जमतं. हेडफोन लावा, आणि ॲपमध्ये बाजूचे आवाज गाळायचं सेटिंग असेल तर ते बंद करा, नाहीतर ते तुमच्या टाळालाही गोंगाट समजून कापून टाकतं. घरात एकांत नसेल तर आधी तो शोधा, एक ताई माळ्यावर ज्वारीच्या पोत्यांमध्ये बसून सेशन करायच्या आणि आवाज फार सुंदर यायचा. शक्य झालं तर पहिली भेट आणि मग दोन-तीन महिन्यांतून एखादी प्रत्यक्ष ठेवा. रेंज गेली तर काय करायचं, कोण कुणाला फोन करणार, आणि अडचणीच्या वेळी तुमच्या गावातलं कोण मदतीला येईल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचं.